बाबांना हिमनदी दाखवायची आहे: मे की सप्टेंबर? युंगफ्राउयोख की पलीकडची बाजू?

संत्रानगरीची_लेक (धंतोली, नागपूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण घरची परिस्थिती सांगितल्याशिवाय नेमकं उत्तर मिळणार नाही, म्हणून सगळंच लिहिते.

माझे बाबा ७१ वर्षांचे आहेत. काटोल, नरखेड, सावनेर अशा बदल्या घेत त्यांनी ३३ वर्षं शाळेत भूगोल शिकवला. हिमनदीचा धडा आला की फळ्यावर रंगीत खडूंनी आकृती काढायचे. वर डोंगराच्या कुशीत वाटीसारखा खळगा, त्यातून उतरणारी निळी जीभ, दोन्ही कडांना ठिपके ठिपके देऊन हिमोढ, म्हणजे हिमनदीनं वाहून आणलेले दगडगोटे, आणि खाली इंग्रजी ‘यू’सारखी दरी. ही आकृती त्यांनी किती पोरांकडून घटवून घेतली याला हिशेब नाही. मीही त्यातलीच एक. पण स्वतः त्यांनी हिमनदी कधी पाहिली नाही. आई होती तेव्हा गंगोत्रीचं दोनदा ठरलं आणि दोन्ही वेळा राहिलं.

माझी एक ठेव यंदा सुटते आहे. ती यासाठीच ठेवली होती. सीताबर्डीवरच्या एका टूरवाल्याकडे चौकशी केली. त्याचा कार्यक्रम मे महिन्यातला, दहा दिवसांत पाच देश, त्यात एक दिवस स्वित्झर्लंडच्या युंगफ्राउयोखला. मी विचारलं, हिमनदी किती वेळ बघायला मिळेल? तो म्हणाला, ‘मॅडम, तिथं सगळीकडे बर्फच बर्फ आहे.’ हे उत्तर काही माझ्या मनाला पटलं नाही.

बाबांना रक्तदाबाची गोळी सुरू आहे. डावा गुडघा चढताना ठीक, उतरताना त्रास देतो. रोज सकाळी अंबाझरी बागेत दोन फेऱ्या मारतात. मला सुट्टी मे किंवा सप्टेंबर, दोन्हीकडे मिळू शकते. कोणी सांगितलं की हीच हिमनदी डोंगराच्या पलीकडून पूर्ण दिसते. हे खरं आहे का? त्या बाजूला आम्ही दोघंच, टूरशिवाय जाऊ शकू का? आणि इतक्या उंचीवर त्यांना नेणं बरोबर आहे का?

प्रतापनगर_कट्टा

आम्ही गेलो होतो नं मागच्या मे मध्ये. एकदम मस्त. नागपुरात नवतपा सुरू होऊन राहिला होता अन् आम्ही तिथं स्वेटर घालून फिरून राहिलो होतो. पोरं बर्फात अशी खेळली की खाली यायलाच तयार नव्हती. गाडी थेट वरपर्यंत नेते, चालायचं काम नाही, वर आपलं जेवणसुद्धा मिळते. वय झालेल्या माणसाला टूरच बरी. बिनधास्त जा.

पैनगंगाकाठ (सेमिनरी हिल्स, नागपूर)

ताई, नमस्कार. तुमच्या वडिलांची फळ्यावरची आकृती वाचली आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. माझी सगळी नोकरी कोळसाखाणींच्या पट्ट्यात गेली, उमरेड, सिल्लेवाडा, वणी, चंद्रपूर. काम भूवैज्ञानिकाचं. त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगतो.

तुम्ही म्हणता ती हिमनदी म्हणजे आलेच. आल्प्स पर्वतातली सगळ्यात मोठी. लांबी साधारण २० किलोमीटर, आणि स्वित्झर्लंडमधल्या सगळ्या हिमनद्यांचा बर्फ एकत्र केला तर त्याचा पाचवा हिस्सा एकट्या हिच्यात आहे. मी तिथं दोनदा गेलो, पण हिमनदी पाहिली एकदाच.

पहिल्यांदा मे २०१४ मध्ये, टूरबरोबर. युंगफ्राउयोखला वर सव्वा तास मिळाला. ढग खाली उतरले होते. गच्चीवर उभं राहिलं की समोर पांढरं, खाली पांढरं, बाजूला पांढरं. हिवाळाभर पडलेलं हिम मे मध्ये तसंच अंगावर असतं, त्यामुळे डोंगराचा उतार कुठं संपतो आणि हिमनदी कुठं सुरू होते तेच उमगेना. जन्मभर दगड वाचण्यात गेला माझा, आणि मला उमगेना. तेवढ्यात परतीच्या गाडीची हाक आली. डब्यात बसल्यावर सौ.नी विचारलं, ‘अहो, यातली हिमनदी कोणती होती?’ मला बोट करून दाखवता आलं नाही. पुढची आठ वर्षं ती गोष्ट मला टोचत राहिली.

प्रतापनगरवाल्यांचा आनंद खरा आहे, पोरांना बर्फात खेळायला ती जागा छानच आहे. पण ताई, तुम्हाला बर्फ दाखवायचा नाहीये. तुम्हाला हिमनदी दाखवायची आहे, आणि ही दोन वेगळी दर्शनं आहेत. भुरभुरत पडतं ते हिम. एका वर्षाचं वितळायच्या आत त्यावर दुसऱ्या वर्षाचं साचतं, वरच्या ओझ्यानं खालचं दाबलं जातं, मधली हवा निघत जाते. काही वर्षांत त्याचे भिजवलेल्या साबुदाण्यासारखे टणक दाणे होतात, आणखी दाबले की दाणे एकमेकांत मुरून निळसर, घट्ट बर्फ होतो. या बर्फाचा थर पुरेसा जाड झाला की तो स्वतःच्याच वजनानं उताराकडे सरकायला लागतो. सरकतो म्हणून ती नदी. कोंकोर्डियाप्लाट्झ नावाच्या जागेजवळ आलेचचा बर्फ दिवसाला हातभर पुढे जातो. डोळ्यांना काही कळत नाही, पण १९२६ मध्ये या हिमनदीवर तीन भाऊ हरवले होते, त्यांचे अवशेष २०१२ मध्ये कित्येक किलोमीटर खाली उघडे पडले. ८६ वर्षं ती त्यांना घेऊन चालत होती.

आता बाजूंचं. युंगफ्राउयोख ३,४५४ मीटरवर, युंगफ्राउ आणि म्योंख या दोन शिखरांच्या मधल्या खिंडीत आहे. तिथवर डोंगर पोखरून रेल्वे नेली, १८९६ ते १९१२ अशी सोळा वर्षं लागली, सुमारे सात किलोमीटर बोगदाच. काम म्हणून ते थक्क करणारं आहे. पण तिथून दिसतं ते हिमनदीचं माहेर. तिथं हिम साचतं, तिचं भरणपोषण होतं. तिचा संसार पाहायचा तर दक्षिणेकडून, व्हाले प्रांतातून जावं लागतं.

दुसऱ्यांदा आम्ही दोघंच गेलो, सप्टेंबर २०२२ मध्ये. बेटमेराल्प नावाच्या गावात तीन रात्री राहिलो. गाव साधारण १,९५० मीटरवर आहे, खालून रोपवेनं जायचं, गावात मोटारी नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मोसफ्लूच्या कड्यावर गेलो. ती जागा २,३३३ मीटर, रोपवेचं ठाणं कड्यावरच आहे, उतरून थोडीच पावलं चालायची. सौ. पुढे होत्या. त्या थांबल्या आणि मागे न बघता त्यांनी माझा हात धरला.

खाली ती होती. अख्खी. डावीकडे तिची जीभ, उजवीकडे दूरवर वळण घेऊन थेट त्या खिंडीपर्यंत. आणि तिच्या अंगावरून वरपासून खालपर्यंत दोन काळ्या रेघा, रस्त्यावर पट्टे मारावेत तशा समांतर. ताई, तुमच्या वडिलांना सांगा, तो मध्य हिमोढ. वर कोंकोर्डियाजवळ तीन मोठे हिमप्रवाह एकत्र येतात. प्रत्येक जण आपापल्या काठाचे दगडगोटे कडेनं घेऊन येतो. दोन प्रवाह मिळाले की दोन कडा एक होतात आणि त्यांचे दगड आता मधोमध वाहायला लागतात. प्रवाह तीन, म्हणून रेघा दोन. पुस्तकात हे वाक्य मी कितीदा वाचलं असेल, पण ते त्या दिवशी कळलं. त्या रेघा दिसतात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, कारण तेव्हा वरचं नवं हिम वितळून खालचा जुना बर्फ उघडा पडलेला असतो. भेगा दिसतात, भेगांतला निळा रंग दिसतो. मे मध्ये हे सगळं चादरीखाली.

आणखी एक सांगायला हवं, आणि ते सांगताना मला त्रास होतो. दरीच्या दोन्ही भिंतींवर बर्फाच्या वर एक फिकट, उघडा पट्टा दिसतो. त्याच्या वर झाडं, गवत, खाली नुसता धुतल्यासारखा खडक. १८६० च्या सुमारास बर्फ त्या पट्ट्याच्या वरच्या कडेपर्यंत होता. तेव्हापासून हिमनदीचं टोक तीन किलोमीटरहून जास्त मागे गेलं आहे. कोंकोर्डियाजवळ गिर्यारोहकांसाठी १८७७ मध्ये एक झोपडी बांधली, तेव्हा ती बर्फाच्या थोडीच वर होती. बर्फ खाली खाली जात राहिला, आता तिथं पोचायला कड्याला ठोकलेल्या लोखंडी जिन्याच्या चारशेहून जास्त पायऱ्या चढाव्या लागतात. आम्ही गेलो ते २०२२ साल तर फारच वाईट होतं. हिवाळ्यात हिम कमी पडलं, सहारा वाळवंटातली धूळ येऊन बसली त्यानं ते काळवंडलं आणि जास्त ऊन प्यायलं, वर उन्हाळा कडक. त्या एका वर्षात स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांचा ६ टक्के बर्फ गेला, पुढच्या वर्षी आणखी ४ टक्के. कड्यावर वारा थांबला की खालून पाण्याचा आवाज यायचा, सतत. तो आधी सौ.ना ऐकू आला. त्या म्हणाल्या, ‘नळ उघडा राहिल्यासारखं वाटतं हो.’

मोसफ्लूच्या खालचा उतारही हलतो आहे, २०१६ मध्ये तिथं मोठ्या भेगा पडल्या. खाणीत काम केलेल्याला हे लगेच कळतं. खुल्या खाणीत पायथ्याचा दगड काढला की वरची कड बसायला लागते. तिथं पायथ्याला बर्फाचा टेकू होता, तो वितळला. त्यामुळे ज्या वाटा बंद केल्या असतील तिकडे पाऊलसुद्धा टाकू नका. कड्यावरची बाकं सुरक्षित जागी आहेत, तिथून सगळं दिसतं.

शेजारच्या फीश गावाची गोष्ट तुमच्या वडिलांना आवडेल. पूर्वी ही हिमनदी वाढत वाढत कुरणांवर यायची, तिच्या काठच्या मेरयेलेन सरोवराचं पाणी फुटून खालची गावं बुडायची. म्हणून गावकऱ्यांनी १६७८ मध्ये नवस केला की आम्ही नेमानं प्रार्थना करू, देवा, हिची वाढ थांबव. सव्वातीनशे वर्षं ती प्रार्थना चालली. मग २०१० च्या सुमारास त्यांनी पोपची परवानगी घेऊन तिचा अर्थ उलटा करून घेतला. आता ते तिनं आटू नये म्हणून प्रार्थना करतात.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर लिहायला बसलो ती. हिमनदीच्या काठाला आलेचचं जंगल आहे, १९३३ पासून राखीव. आरोला पाइनची जुनी झाडं, कित्येक शतकांची. एक ठिपकेदार पक्षी त्यांच्या बिया जमिनीत पुरून ठेवतो, काही विसरतो, त्यातून नवी झाडं येतात. या जंगलाच्या खालच्या कडेला, वाटेलगत, उघडा खडक आहे. मी त्यावर तळहात ठेवला. वरच्या अंगानं हात फिरवला तर शहाबादी फरशीसारखा गुळगुळीत. त्यात बारीक सरळ ओरखडे, सगळे एकाच दिशेनं, दरीच्या उताराला धरून. बर्फाच्या बुडाशी अडकलेले दगड शेकडो वर्षं त्यावरून घासत गेले त्याच्या या खुणा. मी बोट एका ओरखड्यात घातलं आणि मला १९७९ चा मे आठवला.

त्या वर्षी आमच्या सरांनी आम्हाला चंद्रपूरच्या पश्चिमेला इरई गावाला नेलं होतं, पैनगंगेच्या पात्रात. ४६ डिग्री ऊन, डोक्याला ओला रुमाल. पात्रातला चुनखडक दाखवून सर म्हणाले, हात लावा. असाच गुळगुळीत, असेच सरळ ओरखडे. त्यावर हिरवट मातीचा थर आणि मातीत रुतलेले लहानमोठे धोंडे. फेडन नावाच्या भूवैज्ञानिकानं १८७० च्या दशकातच ते ओळखलं होतं. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी आपला हा भाग आफ्रिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलियाला जोडलेला होता, दक्षिण ध्रुवाकडे होता, आणि आपल्या विदर्भावर बर्फ होता. त्या थराला तालचिर म्हणतात. बर्फ गेल्यावर जी जंगलं वाढली त्यांचा कोळसा झाला. ज्या कोळशावर माझं घर चाललं तो हिमनदीनं मोकळ्या केलेल्या जमिनीवर उगवला होता, हे मला नोकरीभर माहीत होतं, पण माझ्या हाताला ते कळलं त्या खडकावर.

तेव्हा, सप्टेंबर. टूर नको. दोन-तीन रात्री वर राहा, कारण ढगांचा भरवसा नाही, एक दिवस बुडाला तर दुसरा हाताशी हवा. आणि मे चा विचार केलाच तर हे ध्यानात ठेवा की एप्रिलमध्ये हिवाळी हंगाम संपला की जूनपर्यंत कड्यांवर जाणारे वरचे रोपवे साधारणपणे बंद असतात. तुम्ही गावापर्यंत पोचाल, हिमनदी मात्र कड्याच्या पलीकडेच राहील.

रेल्वेवेडा_अजनी

काकांनी हिमनदीचं सांगितलं, मी गाड्यांचं सांगतो.

टूरशिवाय अगदी आरामात होतं. झुरिकला उतरून आधी इंटरलाकेनला दोन रात्री राहा, वडिलांचा प्रवासाचा शीण जाईल. तिथून स्पीट्सला गाडी बदलून ब्रिगला जायचं. घाईची गाडी ३४.६ किलोमीटरच्या बोगद्यातून नेते, तो २००७ मध्ये सुरू झाला. माझं ऐका, ती घेऊ नका. काण्डरश्टेगवरून जाणारी जुनी डोंगरी लाइन अजून चालू आहे, १९१३ ची. वेळ थोडा जास्त लागतो, पण जुन्या बोगद्यातून बाहेर पडली की गाडी ऱ्होन नदीच्या दरीच्या अंगानं उंचावरून उतरत जाते. भूगोलाच्या मास्तरांना खिडकी सोडवणार नाही. जाताना उजवीकडची खिडकी धरा. ब्रिगला स्टेशनच्या दारासमोरून लाल रंगाची छोटी गाडी सुटते. मीटरगेज आहे. आपली नागपूर-नागभीडची छोटी गाडी ज्यांनी अनुभवली त्यांना ती लगेच आपलीशी वाटेल. बेटन नावाच्या तळाच्या स्टेशनला उतरलं की बेटमेराल्पचा रोपवे तिथंच, सामान ओढत हिंडायचं काम नाही.

एक महिन्याचं हाफ फेअर कार्ड काढा. बहुतेक गाड्या आणि रोपवे अर्ध्या भाड्यात पडतात. व्हिसाची अर्धी लढाई कागदपत्रांची असते, तारखेच्या बऱ्याच आधी लागा.

खाण्याचं म्हणाल तर वर स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. किराणा दुकान गावात आहे, पण रविवारच्या भरवशावर राहू नका. आम्ही भाजणी, शेंगदाण्याची चटणी आणि तूप नेलं होतं. आणि हो, कड्यांवर कॅमेरे लावलेले असतात, त्यांचं चित्र मोबाइलवर दिसतं. सकाळी उठून आधी ते बघायचं, उघडीप असेल तरच वरचं तिकीट काढायचं. हीच युक्ती युंगफ्राउयोखलाही चालते. इंटरलाकेनला असताना एखादी सकाळ लख्ख निघाली तर तेही करून घ्या, माहेर आणि सासर दोन्ही पाहून होईल.

महालची_सिस्टर

मी परिचारिका आहे, बावीस वर्षं झाली. उंचीबद्दल लिहिते, कारण बाकीच्यांनी ते तसंच सोडलं.

नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटर. युंगफ्राउयोखला हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे दोन तृतीयांश राहतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू सुमारे एक तृतीयांशानं कमी. गाडी दोन-अडीच तासांत वर नेते, शरीराला सवय करायला वेळच मिळत नाही. माझे सासरे तिथं गाडीतून उतरले आणि उत्साहात भराभरा जिना चढायला लागले. दहा मिनिटांत चक्कर आली, ओठ निळसर झाले. बसवलं, पाणी दिलं, पुढच्याच गाडीनं खाली आणलं, खाली येताच बरे झाले. म्हणून ताई, तिथं गेलात तर अगदी हळू चाला, अर्धं पोट जेवा, डोकं दुखायला लागलं की कौतुक सोडून खाली या. काकांनी सांगितलेली बाजू या दृष्टीनंही चांगली. रात्री १,९५० मीटरवर झोपायचं, दिवसा २,३३३ पर्यंत जायचं. तरीही निघण्याआधी बाबांच्या डॉक्टरांना नेमक्या उंच्या लिहून दाखवा. ‘परदेशात जातोय’ एवढंच सांगू नका. रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नाही.

गुडघ्यासाठी: चढण पायी, उतरण रोपवेनं. दोन काठ्या न्या. आणि गॉगल विसरू नका, बर्फावरून परत फिरणारं ऊन डोळ्यांना फार लागतं.

संत्रानगरीची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. सप्टेंबर पक्का केला, टूरवाल्याला नाही म्हणून कळवलं.

काल रात्री जेवणं झाल्यावर पैनगंगाकाठ काकांचं उत्तर बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘प्रवाह तीन, म्हणून रेघा दोन’ इथं त्यांनी मला थांबवलं. उठले, दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलनं तीन प्रवाह काढले, कडांना ठिपके दिले आणि ते ठिपके एकत्र नेऊन दोन रेघा केल्या. बराच वेळ त्याकडे बघत बसले. म्हणाले, ‘मी पोरांना नेहमी एकच प्रवाह काढून दिला. तीन काढायला हवे होते.’

आणि मग इरईचं वाचलं. ते ऐकून गप्पच झाले. त्यांनी मला जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते: ‘मी ३३ वर्षं वर्गात सांगत आलो की हिमनदी बघायची तर हिमालयात जा, आपल्याकडे तिचं काही नाही. आणि ते चंद्रपूरला होतं.’ त्यांना वाईट वाटलं की आनंद झाला, मला नीट कळलं नाही. रात्री बारापर्यंत जागे होते.

काका, त्यांचा तुम्हाला एक प्रश्न आहे. नदीसुद्धा दगड घासते, गोटे करते. मग पैनगंगेच्या पात्रातल्या त्या खुणा नदीच्या नाहीत, बर्फाच्या आहेत, हे कशावरून ओळखलं?

पैनगंगाकाठ

सरांना माझा नमस्कार सांगा. प्रश्न मास्तरांनाच शोभणारा आहे, आणि हाच प्रश्न आम्ही १९७९ मध्ये आमच्या सरांना विचारला होता.

नदी दगडाला लोळवते. लोळून लोळून तो सगळ्या बाजूंनी गोल होतो, कन्हानच्या पात्रातले गोटे बघा. हिमनदी दगडाला लोळू देत नाही. तिनं त्याला घट्ट धरलेलं असतं आणि एकाच बाजूनं खालच्या खडकावर घासत नेते, त्यामुळे त्याला एक सपाट अंग येतं, वरवंटा झिजून एका बाजूला चपटा होतो तसं. मग कधी तो दगड बर्फात थोडा फिरतो आणि दुसरी बाजू घासली जाते. सपाट अंगावर सरळ ओरखडे, आणि दगड फिरला असेल तर पहिल्या ओरखड्यांना छेदून जाणारे दुसरे. नदी असे ओरखडे मारत नाही. पाणी गुळगुळीत करतं, रेघ मारत नाही.

दुसरी खूण त्या थराची. नदी वजनाप्रमाणे निवड करते, धोंडे एकीकडे, वाळू पुढे, गाळ त्याच्याही पुढे. तालचिरच्या थरात पीठासारखी बारीक माती आणि डोक्याएवढा धोंडा शेजारी शेजारी बसलेले असतात. बर्फ निवडत नाही. जे सापडलं ते उचलतो आणि वितळला की जागच्या जागी टाकतो. त्यात धोंडे कुठले कुठले, जवळपास न सापडणाऱ्या जातीचेही. ओडिशातल्या तालचेरला असाच थर पाहून १८५६ मध्ये ब्लॅनफर्ड नावाचे भूवैज्ञानिक आणि त्यांच्या सोबत्यांनी पहिल्यांदा सुचवलं की हे बर्फाचं काम असावं. भर उष्ण प्रदेशात बर्फ म्हटल्यावर ते पटायला लोकांना वेळ लागला. इरईचा ओरखडलेला खडक त्यानंतर सापडला, आणि त्याची साक्ष मोठी ठरली, कारण तिथं धोंडेही होते आणि ज्यावर ते घासले तो खडकही खाली जागेवर होता.

आणि सरांनी वर्गात काही चुकीचं सांगितलं असं मला वाटत नाही. पाठ्यपुस्तकात आजच्या हिमनद्यांचा धडा होता, तो त्यांनी शिकवला. तीन प्रवाहांची आकृती मात्र मला हवी आहे, माझा नातू सातवीत आहे.

त्या १९७९ च्या सहलीतला एक दगड माझ्याकडे अजून आहे. मुठीत मावेल एवढा, एक बाजू चपटी, दोन दिशांचे ओरखडे. आलेचच्या जंगलातून मी काही उचललं नाही, ते राखीव आहे, आणि हा घरी असताना दुसऱ्याची गरजही नव्हती. सरांची हरकत नसेल तर रविवारी सकाळी दहाच्या सुमारास तो घेऊन धंतोलीत येतो. पत्ता इथं सगळ्यांसमोर लिहू नका, मला वेगळा कळवा. दुपारच्या ऊन-उजेडात तो दगड साधाच दिसतो, ओरखडे तिरप्या उजेडातच उठून येतात. तेव्हा खिडकीचा पडदा ओढून ठेवा आणि घरात टॉर्च असेल तर चार्ज करून ठेवा.